शंभर दाण्यांची गुंडाळी

हिवरखेड, ४ मे २०२४

ती. दादास सा. न.
फोनवर तू मधेच ‘समजलं, समजलं’ म्हणतोस, म्हणून पत्र लिहिते. हे जाण्याआधी दोन एकराच्या सोयाबीनमधून चार पोती बियाणं निवडून ठेवून गेले. यंदा मी तेच पेरणार म्हटलं, तर माझे दीर केशवराव म्हणतात, ‘वयनी, हे बी मेलं हाये. वावर मले वाहाले द्या.’ वावर एकदा दुसऱ्याला कसायला दिलं की परत मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे. काय करू?
तुझी कौशल्या

वलगाव, ९ मे

चि. कौशल्यास अनेक आशीर्वाद.
बी जिवंत की मेलं, हे केशवरावांना नाही, बियाण्यालाच विचारायचं असतं. शंभर दाणे न निवडता घे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांड, गुंडाळी करून सावलीत ठेव आणि रोज पाणी शिंपड. सातव्या दिवशी मोज. सत्तर उगवले तर बिनधास्त पेर. मधे उघडू नकोस. लहानपणी लावलेली गुलबक्षी तू रोज उपटून मूळ बघायचीस.
तुझा दादा, खुशाल

हिवरखेड, २१ मे

ती. दादास सा. न.
उघडली नाही. एकतीस उगवले. भाऊजींनी आकडा ऐकला आणि वावर नांगरायला ट्रॅक्टरवाल्याला सांगून आले. मी स्वयंपाक केला. मीठ विसरले.
कौशल्या

वलगाव, २५ मे

चि. कौशल्यास आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर लगेच त्याच्या खाली. वजन पडलं की दाणा वरून साबूत दिसतो, आतून मोडतो. तुमच्या ओसरीत तीन पोती होती. तेरवीपर्यंत बसायला आलेले सगळे त्यांच्यावरच टेकत होते. त्यात मीही होतो, आणि माझं वजन ब्याण्णव किलो आहे. मला माफ कर. चौथं पोतं कुठे आहे? त्यातले शंभर लाव.
खुशाल

हिवरखेड, ४ जून

ती. दादास सा. न.
तू बसलास याचा राग नाही. आला नसतास तर आला असता.
चौथं पोतं आतल्या खोलीत होतं. हे तिथेच गेले, म्हणून त्या खोलीत कोणी बसलं नाही. त्यातले अठ्ठ्याऐंशी उगवले. भाऊजींनी स्वतः दोनदा मोजले. दुसऱ्यांदा एकोणनव्वद भरले. दोन एकराला ते एक पोतं पुरतं. वावर मीच वाहणार म्हणून सांगितलं. त्यांनी पेरणीला तिफण कोणाची आणू, असं विचारलं.
भाऊजी घरी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ह्यांच्यासाठी पहिल्यांदा पोटभर रडले. सहा महिने जमलं नव्हतं.
आहे तशीच माया असू दे.
तुझी कौशल्या