झमझमच्या बाटलीतली वाशिष्ठी

१२ जानेवारी
खलास! माझी नदी सुनेने पिऊन टाकली.
नात एमानच्या म्युझिक टीचर, मिस डोरीन, कॅनडाच्या — तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांतल्या. शनिवारी इथे आखातात, आमच्या इमारतीखालच्या लगूनच्या — खाऱ्या तळ्याच्या — काठावर त्या आपल्या नदीची गाणी गाणार. म्हणाल्या, ज्याने त्याने आपापल्या नदीचं थोडं पाणी आणावं आणि एक गाणं. म्हणून पुतण्या नोमानकडून चिपळूणहून वाशिष्ठीचं पाणी मागवलं. शहाण्याने भरलं कशात? झमझमच्या — मक्केच्या पवित्र पाण्याच्या — रिकाम्या बाटलीत! आमच्यात ती बाटली कुणी टाकून देत नाही ना.
सून सुमैय्याचे अब्बा तिकडे गावी हॉस्पिटलात, उद्या हार्टचं ऑपरेशन. हिला ऑफिसने लीव्ह दिली नाही. फ्रिजमध्ये बाटली दिसली — मक्केकडे, किबल्याकडे तोंड केलं, दुआ मागितली, लावली तोंडाला. मी नमाजावर. नमाज संपवून सलाम फिरवेपर्यंत बाटली रिकामी!

१३ जानेवारी
ऑपरेशन नीट झालं, अल्हम्दुलिल्लाह! माझा मुलगा खैरू बायकोला म्हणाला, "बघ, झमझमची बरकत!" ती नुसती हसली.
आता सांगू कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर तिचा धीर मोडेल. गप्प राहिले तर शनिवारी मी रिकाम्या हाताने. आणि झमझम म्हणून भलतंच प्यायली, ते कुणाच्या माथी?
एमान म्हणते, "दादी, इट्स जस्ट वॉटर! टॅपचं घे ना!"
टॅपचं? नळाला का आईबाप असतात!

१५ जानेवारी
नदीचं कच्चं पाणी बाधलं तर? सुमैय्याला पोट बरंय का, म्हणून आज पुन्हा विचारलं. "अम्मी, माझ्या पोटाचं काय एवढं?" — काय सांगू, कपाळ!

१७ जानेवारी
डोकं अजून ठिकाणावर नाही.
मिसनी हातातला डफ वाजवत त्यांच्या नदीचं गाणं म्हटलं. शब्द एक कळला नाही, पण अंगावर काटा. "आमच्यात पाण्याची राखण बायकांकडे," म्हणाल्या. तांब्याच्या भांड्यात एकेकाने पाणी ओतलं — सुदानच्या बाईने नाईलचं, आमच्या मलबारी शेजाऱ्याने पेरियारचं. माझी पाळी आली. म्हटलं, "पानी रस्ते में रह गया." खोटं, तेही पाण्यासमोर!
मिसनी एमानकरवी विचारलं, गाणं तर आहे ना? मग हळदीचं म्हटलं, नवरी होडीतून नदी ओलांडते ते. दुसऱ्या कडव्याला अडकले — वय! तर मागून कुणी तरी उचललं. बघते तर सुमैय्या. सात वर्षं माझ्या घरात, कधी गुणगुणली नाही. तिचं माहेर वाशिष्ठीच्या पलीकडच्या काठाला, तेच मी विसरले होते. गाताना रडत होती. अब्बा बरे झाले, मग का रडते? काही उमगेना.

१८ जानेवारी
राहवलं नाही. सांगून टाकलं — ते झमझम नव्हतं.
सुमैय्या भाकरीची उकड मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्या घोटालाच कळलं, अम्मी. आमच्या धक्क्यावरचं पाणी. सोडवेना."