आश्रयाच्या तळघराची एक किल्ली गल्लीत ठेवण्याबाबत

प्रति,
मा. नागरी संरक्षण अधिकारी साहेब,
नागरी संरक्षण कार्यालय.

विषय : हवाई हल्ल्याच्या वेळी जनतेस तळघराबाहेर नव्हे, आत बसता यावे याबाबत.
संदर्भ : गेल्या आठवड्यातील मंगळवारची रंगीत तालीम.

महोदय,

अर्जदार हा कुलूपदुरुस्तीचा व किल्ल्या करण्याचा धंदा करतो. त्याच्या दुकानासमोरील शाळेचे तळघर सरकारने बाँबहल्ल्यात आश्रयासाठी नेमून दिले, त्याबद्दल गल्ली आपली ऋणी आहे. तळघर मजबूत आहे. कुलूप त्याहून मजबूत आहे, हे अर्जदार धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

मंगळवारी दुपारी भोंगा वाजताच अर्जदार व त्याचा धाकटा भाऊ यांनी आईला खुर्चीसकट उचलून दोन जिने उतरवले. आईचे गुडघे धरलेले आहेत व तिचे वजन तिच्यादेखत लिहिण्याची अर्जदाराची छाती नाही. दाराशी त्रेसष्ट माणसे उभी होती. किल्ली आपल्या कार्यालयात होती आणि कार्यालयातील सर्व मंडळी भोंगा ऐकून, नियमाप्रमाणे, कार्यालयाच्या तळघरात उतरली होती.

आई खुर्चीतून म्हणाली, "अरे, जन्मभर लोकांची कुलपं उघडलीस, आणि आईच्या वेळेला हात बांधून उभा?" अर्जदारास हे फार लागले. कुलूप अर्ध्या मिनिटाचे होते. परंतु दारावर 'सरकारी कुलपास हात लावणारास शिक्षा होईल' अशी पाटी आहे आणि अर्जदार कायदा पाळणारा आहे.

आपल्या अहवालात 'सर्व नागरिक चार मिनिटांत तळघराशी पोहोचले, तालीम यशस्वी' असे म्हटले आहे. ते खोटे नाही.

चौकशीअंती असे कळले की दार शाळेचे, कुलूप नगरपालिकेचे व किल्ली आपली. बाँब मात्र आमचा. जबाबदारी सरकारची, यावर तिन्ही ठिकाणी एकमत आहे. सरकार कोणत्या टेबलावर बसते, तेवढेच कोणी सांगत नाही.

सबब, एक किल्ली अर्जदाराच्या दुकानात टांगण्याची परवानगी मिळावी. तेथे तीनशे किल्ल्या आहेत, आजवर एकही हरवलेली नाही. अर्जदारास खरोखर भीती वाटते. आईला पुन्हा बंद दारासमोर बसवणे त्याच्याने होणार नाही. परवानगी न आल्यास, खरा भोंगा होताच तो कुलूप उघडील, आईला आत ठेवील व शिक्षेसाठी हजर राहील. अटकेस येणाऱ्या शिपायाने कृपया आत येऊन अटक करावी. बाहेर धोका असतो.

उत्तर भोंग्याच्या आधी यावे, ही प्रार्थना.

आपला नम्र,
(सही)
शाळेसमोरचा किल्लीवाला
तारीख : तालमीनंतरचा नववा दिवस

सोबत :
(१) दारावरील पाटीची नक्कल.
(२) सदर कुलपाची किल्ली, बाहेरून नजरेने माप घेऊन घासलेली, अद्याप न वापरलेली. अर्ज नामंजूर झाल्यास परत पाठवण्याची तसदी घेऊ नये. दुसरी अर्जदाराकडे आहे.