छपरावरचं रबर

सोम. १० नोव्हेंबर
नवीन काम आलं. देवधर म्हणून पुण्याचे, राहतात इथे दुबईतच, अल मनखूलला. मोटरहोम सेकंडहँड घेतलंय, छपरावर सीबी रेडिओची अँटेना हवी. शुक्रवारी लिवाच्या पुढे वाळवंटात जाणार. तिथे मोबाईल लागत नाही. मोटरहोम पक्क्या जमिनीवर उभं करणार, बायको नि मुलगी त्यात, आणि हे मित्राच्या जीपमधून वाळूच्या डोंगरांवर. एकमेकांशी बोलायला रेडिओ. परवान्याचे कागद स्वतःच घेऊन आले, म्हणजे माणूस व्यवस्थित.

मी मराठी बोललो तर केवढे खूश. "तुम्ही दापोलीचे? मग काळजी मिटली." का मिटली, अल्लाच जाणे. मुलगी ईरा, आठेक वर्षांची. मी मराठीत विचारतोय, ती इंग्रजीत उत्तर देतेय.

नंतर मॅनेजरने केबिनमध्ये घेतलं. मागच्या महिन्यात मी बसवलेली छपराची खिडकी गाडी धुताना गळली, गिऱ्हाइकाची गादी भिजली, त्याचं पुराण पुन्हा. "याकूब, छत से एक बूंद भी आया तो तेरा व्हिसा कॅन्सल. खलास." चौदा वर्षं अल क्वोजच्या या शेडमध्ये घाम गाळला, आणि आता सगळं एका थेंबावर!

बुध. १२
छप्पर फायबरचं. फायबरवर अँटेना नुसती उभी केली तर ती मुकी. तिला खाली धातू लागतो, अर्थिंग लागतं. म्हणून छपरावर अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा चिकटवला, मध्ये भोक पाडलं. भोक पाडण्याआधी तीनदा मापलं. वीस वर्षं ड्रिल चालवतोय आणि काल-परवाच्या पोरासारखी मापं घेतोय. मॅ.चा आवाज कानातून जात नाही.

गुरु. १३
सकाळी अँटेना पत्र्यावर बसवून ती नीट चालते का बघायला मीटर लावला. पहिल्या फटक्यात उत्तम. अँटेनाच्या पायाखाली दात्यांचा वायसर, कडेला दात असलेली चकती, तो पत्र्यात चावतो, तीच खरी पकड. मग सगळं उतरवलं, पाणी अडवायला सीलंट भरायचं होतं.

भरलं. वरून रबर, खालून रबर, मध्ये सीलंट, कडेने पुन्हा सीलंट. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पितोय. आपल्याकडे जून यायच्या आत एक कौल सरकलेलं चालत नाही, अब्बा शिडीवरून उतरतच नसत. तोच हात आहे हा. पाइप लावून अर्धा तास पाणी मारलं. आत बोट फिरवलं, कोरडं ठणठणीत. मॅ. स्वतः वर चढून बघून, मान हलवून गेला. म्हणजे पसंत.

शुक्र. १४
देवधर दहालाच हजर. बायको मधुराताई, ईरा, डबे, पाण्याचे कॅन. यल्ला यल्ला, चला चला चाललेलं, मलाही जुम्म्याच्या नमाजाला पोचायचं होतं. एक सेट मित्राच्या जीपमध्ये, एक मोटरहोममध्ये. जीप शेडच्या त्या टोकाला नेऊन हॅलो हॅलो केलं, स्वच्छ आवाज. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कागदावर मी 'तपासलं, ठीक' लिहून सही केली.

मीटर पुन्हा लावला नाही. काल उत्तम आला होता, गरज वाटली नाही.

शनि. १५, दुपार
दुसऱ्या गाडीचं काम काढलं. स्क्रूंच्या ट्रेमध्ये हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. दात्यांचा वायसर. तोच, गुरुवारी उतरवलेला, परत घालायचा राहिलेला.

म्हणजे पाया पत्र्याला कुठेच टेकलेला नाही. रबराच्या गादीवर बसलाय. शेडमध्ये शंभर पावलांवर बिनअँटेनाचा सेटही बोलेल! दोन डोंगर ओलांडले की ठार बहिरा.

याकूब, अक्कल काय गहाण टाकली होतीस? पाणी येऊ नये म्हणून आवाजच बंद करून टाकलास.

देवधरांना फोन. स्विच्ड ऑफ. पुन्हा. पुन्हा. ताईंचा नंबर नाही माझ्याकडे. मॅ.कडे गेलो, फॉर्मवर असेल म्हटलं. त्याने आधी दार लावलं. म्हणाला, पानी तो नहीं आया ना, मग तुला काय पडलंय, कंप्लेंट आली तर बघू, एक शब्द बाहेर काढू नकोस. नंबर दिला नाही. आणि मी गप उठून आलो. हे लिहिताना लाज वाटते, पण आलो.

सहा वाजता
अकरा वेळा केला. लागत नाही. कुठे शोधायचं? लिवाच्या पुढे म्हणजे काय एक गल्ली आहे? अजमानला रूमवर आलो, जेवण गेलं नाही. ती पोरगी डोळ्यापुढून हलत नाही.

रवि. १६
सुट्टी. फोन हातात धरून बसलोय. फजर, जोहर, प्रत्येक नमाजात एकच दुआ.

साडेचारला देवधरांचा व्हॉइस मेसेज. सगळे सुखरूप. या अल्ला! अक्षरशः रडलो.

मग पुढचं ऐकलं. काल जीप वाळूत रुतली, टायर फुटला. ठरलेल्या वेळेला पावणेदोन तास उशीर. रेडिओवर नुसती खरखर. देवधर हसत सांगतायत, "आमच्या मॅडमना बटणच दाबता आलं नाही हो. मी तिकडे ओरडतोय आणि या गप्प. बाकी अँटेना एक नंबर, थेंबभर पाणी नाही."

मागून ताईंचा आवाज बारीक आला, "दाबलं होतं मी." मेसेज तिथेच तुटला.

चार वेळा ऐकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. उत्तर टाइप केलं, 'चूक माझी'. पुसलं. 'अल्लाचे आभार' एवढंच पाठवलं.

सोम. १७
मॅ.ला मेसेज ऐकवला. पठ्ठ्या खूश! "देख, मॅडम का मिस्टेक निकला. बच गया तू." चहा मागवला माझ्यासाठी. चौदा वर्षांत पहिल्यांदा. प्यायलो.

देवधर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार, याहून आत. म्हणजे नुसतं गप्प बसूनही भागणार नाही. फ्री चेकिंगला येतो म्हणून कळवलं, बुधवारी सकाळी या म्हणाले. मॅ.ला सांगितलं तर म्हणतो, जा, गुपचूप वायसर टाक, बोल्ट ढीला था बोलना. नाही, तेही नको बोलू, काहीच बोलू नको.

मंगळ. १८
शमीमला गावी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. बायकोला सांगताना निदान हलकं वाटेल असं वाटलेलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, ती बाई तुमच्याबद्दल काय म्हणते? म्हटलं, तिला माहीतच नाही. "मग ती स्वतःबद्दल काय म्हणत असेल?" फोन ठेवला. व्हिसाचं काय, मुलीच्या नर्सिंगच्या कॉलेजचं काय, हे मी विचारणार होतो, राहिलं.

बुध. १९
अल मनखूल. बिल्डिंगमागे मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी. शिडी लावली. सीलंट कापायला तासभर लागला, इतकं मन लावून भरलं होतं. वायसर घातला, पत्रा खरवडून उघडा केला, पाया घट्ट आवळला, मग सीलंट फक्त बाहेरून. मीटर लावला. उत्तम. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही.

आत उतरलो तर सेटच्या शेजारी कागद चिकटवलेला, प्रिंट काढून. १. बटण दाब. २. एक सेकंद थांब. ३. मग बोल. ताई माइक हातात धरून बसलेल्या, देवधर समोर उभे. सराव चाललेला. ईरा म्हणाली, "ममा डिडंट प्रेस इट राइट."  ताई बटण दाबून एक सेकंद थांबल्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तुम्ही बरोबर दाबलं होतं. अँटेना मी चुकीची बसवली होती." रबर, वायसर, सही, सगळं सांगितलं. देवधरांचा चेहरा उतरला. ते एकदा माझ्याकडे, एकदा त्या कागदाकडे बघत राहिले आणि फोन घेऊन खाली उतरून गेले.

ताई मात्र तिथेच. "म्हणजे पावणेदोन तास मी हाका मारत होते, त्या कुणालाच ऐकू जात नव्हत्या?"

म्हटलं, नाही.

"मला वाटलं हे गेले. ईराला काय सांगायचं ते ठरवत होते मी." मग, "तुम्हाला कधी कळलं?"

शनिवारी, म्हटलं. दुपारी.

"आज बुधवार आहे, याकूबभाई."

हो, म्हटलं.  त्यांनी तो कागद काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. शिडी घेऊन निघालो. पार्किंगमध्ये देवधर फोनवर बोलत होते, माझ्याकडे पाठ.

गुरु. २०
 सुटताना मॅ. म्हणाला, देवधर का मेल आया है, कल नौ बजे केबिन. काय लिहिलंय विचारलं तर म्हणे कल.

शमीमला सांगितलं. म्हणाली, ताईंना सांगितलंत ना? म्हटलं, सांगितलं, चार दिवस उशिरा. फोन ठेवून तांदूळ धुतले.

भात टाकलाय. उद्याचा डबा भरायचा की नाही, तेच ठरत नाही.