जठारपेठेतला दवाखाना रिकामा केला, बाबा

अमरावती

प्रिय बाबा,

आज तुमचा दवाखाना रिकामा करून दिला. किल्ली घरमालकांच्या हातात ठेवली आणि दुपारच्या एसटीनं अकोल्याहून परत आले. खोलीचं कुलूप काढलं, चहा टाकला, आणि ‘झालं एकदाचं’ हे सांगायला कुणी आहे का म्हणून उगाच मागे वळून पाहिलं. आई जाऊन इतकी वर्षं झाली. आता तुम्हीही नाही. मग हा कागद ओढला.

तुमची खुर्ची आणि तपासायचं टेबल एका नव्या डॉक्टरांनी नेलं. सुया उकळायचं पातेलं मी ठेवून घेतलं. किती सुया उकळल्या असतील हो त्यात! पेनिसिलीन नवं नवं आलं तेव्हा लोक तुमच्या पाया पडायचे. न्यूमोनियानं निपचित पडलेली पोरं उठून जेवायला मागायची. ते पाहूनच मी जंतुशास्त्र शिकायला निघाले. पण पुढं पुढं तुम्ही साध्या सर्दीलाही सुई द्यायला लागलात. का, बाबा? लोक मागत होते म्हणून?

मी इथं कॉलेजात नोकरीला लागले आणि सुट्टीत अकोल्याला आले की मोर्णा नदीला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी बाटल्यांत भरायला लागले, तेव्हा केवढे चिडलात! “नालीचं पाणी तपासाले शिकवलं काय तुले? डाक्टर होत होती, ते सोडून हे काय करून राहिली?”

मी समजावत होते. दवाखान्यांमागं पू, पट्ट्या, उरलेलं औषध, सगळं नालीतच जातं, आणि तिथले जंतू औषधाला सरावतात. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध पेनिसिलीनमध्ये भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवायचा. त्याच्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल दिसायला हवा. या पाण्यातले जंतू थेट कागदाला खेटून वाढत होते.

“नालीतले असतीन,” तुम्ही म्हणालात. “माणसातले नाहीत.”

मग तुमच्या टाचेला ती जखम झाली. मधुमेह होताच. स्वतःच स्वतःला सुया टोचत राहिलात, मला कळवलंसुद्धा नाही! शनिवारी आले तर दारातच वास आला. मी कापसाच्या बोळ्यावर पू घेतला, नळीत घालून इकडं आणला, आणि बशीत काय उगवलं ते सांगायला पुन्हा गाडीत बसले. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत वाक्य जुळवत होते. जुळलं नाही.

“कागदापर्यंत आले काय?” तुम्हीच विचारलंत.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

तुम्ही टाचेची पट्टी पुन्हा बांधलीत. मग म्हणालात, “तुह्यं खरं निघालं, पोरी.”

मला खरं ठरायचं नव्हतं हो, बाबा!

त्यानंतर तुम्ही परसात खड्डा खणून घेतलात, पट्ट्या नालीत न टाकता जाळायला लावल्यात. सर्दीची सुई बंद. मी तिथंच बसले होते, एक बाई खोकणारं पोरगं कडेवर घेऊन आली.

“सुई नाही देत, त डाक्टर कायचे तुमी?”

“माय, याले सुई नाही लागत. गरम पाणी पाज, चार रोज दम धर.”

ती उठली आणि समोरच्या दवाखान्यात गेली. हळूहळू बाकीचेही गेले. मी यायचे तेव्हा तुम्ही पाय स्टुलावर ठेवून रिकाम्या बाकाकडं पाहत बसलेले असायचात. “अमरावतीले चला,” मी तुमच्याच बोलीत विनवलं. “दवाखाना उघडा पाहिजे,” एवढंच म्हणालात. कुणासाठी, बाबा? इतकं एकटं बसायचं कुणासाठी?

नागपूरहून दुसरं औषध मागवलं, पण तो जंतू त्यालाही बधला नाही, आणि तोवर उशीर झाला होता. पाय कापायला तुम्ही तयार झालात तेव्हा विष अंगभर भिनलं होतं.

परवा प्रयोगशाळेत एक सहकारी म्हणाले, “कुसुमताई, तो जुना नमुना टाकून द्या आता. किती जपणार?”

तुमच्या टाचेतला जंतू आहे तो. नळीत ठेवलाय, दर महिन्याला त्याला नवं खाद्य देते. तुम्ही गेलात आणि तो आहे! कधीकधी इतका राग येतो की नळी फरशीवर आपटावीशी वाटते. पण उद्या नवं औषध आलं तर ते तपासायचं कशावर? आणि खरं सांगू? तुमच्या देहातलं जिवंत असं दुसरं काही माझ्याजवळ उरलेलं नाही. मी उरले आहे, पण माझ्याशी बोलायला कोण आहे?

म्हणून वचन देते. तो मी टाकणार नाही. नाल्यांचं पाणी भरत राहीन, आणि जे जे नवं औषध हाती येईल ते आधी त्याच्यावर लावून पाहीन. ज्या दिवशी तो मरेल, त्या दिवशी तुमच्यासाठी पोटभर रडेन.

अजून रडले नाहीये, बाबा.

तुमची,
कुसुम