आईबाबांजवळची तिसरी जागा

गेओविक, हॅरिस बेट
मंगळवार, वारा नेहमीचाच

तीर्थस्वरूप इशबेलताईस,

धाकट्या टॉर्क्विलचा नमस्कार. तुझी कंबर आता सरळ झाली असेल, ह्यूभाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं असेल आणि तुमच्या इन्व्हरनेसला इथल्यापेक्षा थोडं तरी जास्त ऊन पडत असेल, अशी आशा करतो. माझं ठीक चाललं आहे. ठीक म्हणजे, छातीत डाव्या बाजूला अधूनमधून काहीतरी वळवळतं, पण डॉक्टर म्हणतो की ते काही नाही. (डॉक्टर फार तरुण आहे. त्याला कुणाचंच काही नसतं.) पूर्वी मी असल्या वळवळीकडे लक्ष देत नसे. मरायचं तेव्हा मरू, पश्चिमेच्या वाळूतल्या दफनभूमीत आईबाबांजवळ तिसरी जागा आपलीच आहे, या एका गोष्टीवर मी निर्धास्त होतो. आता तसा राहिलेलो नाही. तू खुर्चीत बसून वाचते आहेस असं धरून सांगतो. ती जागा मी एका बाईंना देऊन बसलो आहे, आणि त्या बाई आपल्या कुणीही लागत नाहीत.

ओरडू नकोस. आधी सगळं वाच.

गेल्या हिवाळ्यात इथल्या इतिहास मंडळाकडे न्यूझीलंडहून चौकशी आली. डनीडिनच्या कुणी मार्जरी ट्वीडी म्हणून बाई आहेत, त्यांचे पणजोबा फिन्ले मॅकआस्किल आपल्या बेटावरून जहाजाने गेले, तर त्यांच्या माणसांपैकी मागे कुणी उरलं आहे का. मंडळाने, म्हणजे पेगी-अ‍ॅनने (तीच, टपाल वाटणारी; मंडळ म्हणजे ती आणि तिच्याजवळची किल्ली) हे लचांड माझ्या गळ्यात अडकवलं, कारण गावात मॅकआस्किल म्हणून आता मी एकटाच. आता तूच सांग, सातासमुद्रापलीकडून कुणी ‘मी कुणाची?’ असं विचारत आलं, आणि आपल्या माणसांनी ‘आमची नव्हेस’ म्हणून परत लावून दिलं, असं कधी झालं आहे का? कॅनडाच्या त्या लठ्ठ न्यायाधीशाचा धागा कुठेच जुळेना, तेव्हा बाबांनी त्याला आजीच्या सुइणीकडून नातेवाईक करून घेतला होता आणि जाताना हातमागाचं कापड दिलं होतं. मी बाबांचाच मुलगा. आपल्या पणजोबांना फिन्ले नावाचा एक भाऊ होता, तो परदेशी गेला, एवढं मला आठवलं आणि मी कळवून टाकलं की तुम्ही आमच्याच, केव्हाही या. असं आपण सगळ्यांनाच म्हणतो. ते लोक येत नाहीत म्हणून म्हणता येतं. या बाई आल्या.

बाई ऐंशीला टेकल्या आहेत आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. मेमध्ये आठवड्यासाठी म्हणून आल्या, आता जुलै लागून मेंढ्यांची लोकर कातरायची वेळ आली तरी तुझ्या जुन्या खोलीतच आहेत. रोज सकाळी खाडीच्या त्या बर्फासारख्या पाण्यात पोहतात. ओटच्या लापशीत आपल्यासारखं मीठ घालायचं सोडून साखर घालतात. पहिल्याच रविवारी, ज्या दिवशी आपल्याकडे कुणी कामाला हात लावत नाही, त्यांनी धुणं धुऊन दोरीवर वाळत घातलं, त्यात एक लालभडक परकर, आणि अख्खं गाव त्याच्यासमोरून चर्चला गेलं. चर्चमधले बुजुर्ग नॉर्मन तर मान इतकी खाली घालून गेले की माझ्या फाटकावर आपटले. मी मागच्या दाराने बाहेर पडलो, आणि नंतर बाईंना काही बोललो नाही. पाहुण्याला काय बोलणार? पुढच्या रविवारी मीच पहाटे उठून दोरी सोडून ठेवली.

पण खरा घोटाळा पहिल्याच दिवशी, चहाच्या वेळी झाला. बाई आपली वंशावळ सांगायला लागल्या. फिन्लेचा थोरला मुलगा हेक्टर, हेक्टरचा थोरला फिन्ले, त्याचा थोरला पुन्हा हेक्टर. ताई, माझ्या हातातला लोणी लावलेला स्कोन हातातच राहिला. थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, हा नियम मोडायची आपल्या बेटावर कुणाची छाती झाली आहे? थोरला हेक्टर, म्हणजे त्यांच्या फिन्लेचा बाप हेक्टर. आपल्या फिन्लेचा बाप टॉर्क्विल. तेच नाव एक पिढी सोडून एक पिढी असं फिरत माझ्यापर्यंत आलं आहे. हेक्टर नाव लावणारे मॅकआस्किल खाडीपलीकडचे, ज्यांच्याशी आपली माणसं खतासाठीच्या समुद्रशेवाळाच्या वाटणीवरून दोन पिढ्या बोलत नव्हती. म्हणजे मी नुसती परकी बाई घरात घेतली नव्हती, शत्रुपक्षातली घेतली होती.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, हे मला कळतं. पण बाईंनी पर्समधून नवऱ्याचा फोटो काढला होता. तो गेला, मूलबाळ नाही, भाऊ हेक्टर होता तोही गेला. मग म्हणाल्या, “भाऊ, या वयात मला कुणी ‘आमची’ म्हणेल असं वाटलं नव्हतं रे.” मी म्हटलं, “अजून एक स्कोन घ्या.” भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

मग त्यांना आपल्या माणसांच्या कबरी बघायच्या होत्या. गाडी घेऊन पश्चिमेला गेलो. (पूर्वेचे आपण सगळे मेल्यावरच पश्चिमेला जातो, कारण आपल्याकडे खडकात बटाटा लावायला माती नाही तर माणसाला कुठून असणार, हे सांगितल्यावर बाई खूप हसल्या. माझा विनोद करायचा हेतू नव्हता.) आईबाबांच्या दगडापाशी उभ्या राहिल्या, वाकून दोन्ही नावं वाचली, आणि खालच्या कोऱ्या भागावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही जागा कुणाची?”

आता इथे मी काय बोलायला हवं होतं, ते तू तिकडे पक्क्या घरात बसून सांगशील. पण आपल्याकडे स्वतःच्या कबरीवर बोट ठेवून ‘ही माझी’ असं कुणी म्हणतं का? आईने तर बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा ‘तिकडची दुसरी’ एवढंच म्हटलं होतं. मृत्यूला पत्ता द्यायचा नसतो. म्हणून मी म्हटलं, “अजून कुणाची नाही.”

बाई समुद्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, “मग मला घ्याल का रे इथे, तुमच्यात?”

शेजारच्या कबरीवर फुलं ठेवत पेगी-अ‍ॅन आणि तिची नणंद उभ्या होत्या. दोघींनी फुलं ठेवायची थांबवली. वारा होता, बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वाऱ्याचं होतं की कसलं हे कळायला मार्ग नव्हता. मी म्हणालो, “जागा आहे.”

आम्ही घरी पोचायच्या आत गावभर झालं. नॉर्मननी येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “टॉर्क्विल, परकराचं आम्ही विसरलो.” नॉर्मननी माझा हात शेवटचा धरला तो आई गेली तेव्हा. दुकानातली कॅटी म्हणाली, “एवढं मोठं मन आमच्या कुणाचं झालं नसतं बाबा.” ते खरंच आहे, माझंही झालेलं नाही. आता पुढच्या आठवड्यात दगड कोरणारा येऊन माप घेऊन जाणार आहे. त्याने फोनवर सांगितलं की खाली एकच नाव मावेल, आणि खड्ड्यातही तिघांच्या वर कुणाला ठेवत नाहीत.

तू म्हणशील, दफनभूमीच्या नव्या भागात जागा घे. भिंतीपलीकडे नवा तुकडा वाढवला आहे खरा, आणि मी जाऊन बघूनही आलो. पण तिथे अजून कुणीही गेलेलं नाही. शेवटी पुरलेल्या माणसाने पुढचा येईपर्यंत सगळ्यांची राखण करायची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जुन्या भागात ते सोपं असतं, वर्षाकाठी कुणी ना कुणी सोडवायला येतंच. नव्या भागात पहिला जाणाऱ्याने काय करायचं? गावात उरलो आहोत मूठभर, आणि सगळ्यांच्या जागा जुन्या भागात ठरलेल्या. म्हणजे मी तिथे एकटा, पावसात, जगबुडीपर्यंत पहाऱ्यावर. पाद्री म्हणतात की ही अंधश्रद्धा आहे, आपल्या धर्मात असलं काही नाही. मी त्यांना विचारलं की मग तुम्ही नव्या भागात नाव घातलं आहे का. ते म्हणाले, त्यांचं गाव लुईसमध्ये आहे, जागा तिकडेच ठरलेली आहे.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. बाई पोहायला गेल्या की मी खिडकीत उभा राहतो. बुडतील की काय, या काळजीने उभा असतो असं मी स्वतःला सांगतो. मग त्या बाहेर येतात, टॉवेलने खसाखसा अंग पुसतात, आणि मला बरं वाटतं, आणि लगेच माझी छाती वळवळते. कारण हिशेब साधा आहे. त्या आधी गेल्या तर जागा त्यांची. मी आधी गेलो तर जागा माझी, पण मग त्यांना दिलेला शब्द मोडून मी आईच्या शेजारी कुठल्या तोंडाने पडणार? आई काय म्हणेल ते तुला ठाऊक आहे.

आणि ताई, खरं सांगायला हरकत नाही. आई गेल्यापासून या घरात सकाळी माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. आता स्वयंपाकघरातून हाक येते, “भाऊ, उठलास का रे? चहा टाकलाय.” चहा वाईट असतो. पण मी जागा असलो तरी ती हाक येईपर्यंत पडून राहतो. मी खरं सांगितलं, तर त्या पुढच्या बोटीने जातील. माफी मागून, तुझी खोली झाडून जातील. मला जागाही जायला नको आहे आणि बाईही. एवढ्या वयात माणसाला दोन गोष्टी एकदम हव्या असणं बरं दिसत नाही, पण आहेत.

बाकी सर्व क्षेम. मोठा मेंढा लंगडतो आहे. भाऊजींना सांग, डोळा चोळू नका. तुमच्याकडच्या सगळ्यांना माझी आठवण दे आणि कमरेला गरम कापड बांध.

तुझा भाऊ,
टॉर्क्विल

ता. क. मार्जरीबाई शनिवारी तुला फोन करणार आहेत. मीच बोलता बोलता म्हणून गेलो की आमच्या ताईला सात पिढ्या तोंडपाठ आहेत. तुझी स्मरणशक्ती मला माहीत आहे, आणि तुझा सडेतोडपणाही. तेव्हा कृपा करून, तू ‘नाही’ म्हणू नकोस. खाडीपलीकडच्या हेक्टरांच्या घरी आपली एखादी मुलगी दिलेली असेल, ती शोधून काढ. दिलेली नसेल तर आता दे. दोन्ही बाजूंची सगळी मंडळी वारलेली आहेत, हरकत घ्यायला कुणी उरलेलं नाही.

ता. क. २. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहायला घेतलं होतं, पण वर जमलं नाही. तू आणि भाऊजींनी इन्व्हरनेसला टेकडीवर जागा घेऊन ठेवली आहे, ती तिघांची आहे असं तू एकदा बोलली होतीस. तिसरी कुणाला कबूल केलेली नसेल, तर मी फार जागा घेत नाही. तिथून समुद्र दिसत नाही हे मला माहीत आहे. भाऊजींना एकदम विचारू नकोस, जेवण झाल्यावर विचार.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाई आत आल्या आणि म्हणाल्या, “कुणाला एवढं लिहितोयस? ताईला? मग तिला सांगून टाक, मी फोन करत नाही.” का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, “आमच्या घराण्यात एकही टॉर्क्विल नाही रे. तुझ्या बाबांच्या दगडावर ‘टॉर्क्विलचा मुलगा’ असं आहे, ते मला परत येताना गाडीत लक्षात आलं. आपलं काही नातं नाही. पण तू इतक्या मनापासून जागा देऊन बसला होतास, आता कसं बोलू, तुला वाईट वाटेल, म्हणून गप्प बसले.” मेपासून आम्ही दोघंही एकाच टेबलावर बसून एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून गप्प होतो. मग म्हणाल्या, “ती जागा तुझीच आहे ना? खरं सांग. मी माझं डनीडिनला बघेन.” ताई, सुटकेचा रस्ता समोर उघडा होता. आणि मी पुन्हा म्हणालो, “जागा आहे.” या वेळी भिडेने नाही.

तेव्हा नातं शोधायची तसदी घेऊ नकोस, ते आहे. भाऊजींना मात्र आजच विचार.