त्रेसष्ट पुड्या

मंगळवार, ३ तारीख

दवाखान्यातला फोटो पुन्हा बदलला. महिन्याभरातला तिसरा. कंपाउंडर स्टुलावर चढला, जुना साहेब उतरवला, नवा टांगला. मला म्हणतो, "मावशी, खिळा तेवढा पक्का आहे बघा. बाकी कोणाचं काही सांगता येत नाही." मी म्हटलं, उतर खाली, मला लादी पुसायचीय.

रेडिओवर आता दोन सरकारं आहेत. काटा डावीकडे नेला की एक, उजवीकडे नेला की दुसरं. डावीकडचं म्हणतं, शत्रूनं अणुबॉम्बची धमकी दिलीय, पण नुसती धमकी. उजवीकडचं म्हणतं, आठवड्याच्या आत पडणार, तयारीत राहा. खरं सरकार आम्हीच, हे मात्र दोघंही म्हणतात. नवरा काटा मधोमध ठेवतो आणि नुसती खरखर ऐकत बसतो. वर मला सांगतो, "हे तरी खोटं बोलत नाही."

वही पिठाच्या डब्यात ठेवते. चौथी शिकलेली बाई वही लिहिते म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. घरात जे आहे ते बाहेर बोलायची सोय नाही, आणि पोटात ठेवून ठेवून डोकं फुटायची वेळ आलीय.

बुधवार, ४

लिहूनच टाकते. पोरगा घरी आहे. सव्वीस दिवस झाले. आघाडीवरून पळून आला. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर असतो, ट्रंका आणि जुन्या गाद्यांच्या मागे. बावीस वर्षांचा बाप्या, पण तिथं पाय लांब करता येत नाहीत. दिवसा चालायचं नाही, खोकायचं नाही. खोकला आलाच तर मी खाली भांडी आपटते. वरच्या मजल्यावरची परवा जिन्यात म्हणाली, "काकू, हल्ली फार आदळआपट चाललीय. काकांशी वाजलंय का?" मी म्हटलं, हो, वाजलंय. तिला बरं वाटलं. लहान मूल आहे तिला, दोन वर्षांचं, नवरा लढाईवर. दुसऱ्याचं भांडण ऐकून जरा करमतं.

पळालेला माणूस डावीकडच्यांना सापडला तर ते भिंतीला उभा करतात. उजवीकडच्यांना सापडला तर परत पाठवतात, सगळ्यांत पुढच्या रांगेत. एवढाच काय तो दोघांत फरक.

शुक्रवार, ६

दवाखान्यात खोकी आली. बॉम्ब पडला की घ्यायच्या गोळ्या. डॉक्टरीणबाईनं आम्हाला समजावलं — हवेत जे विष पसरतं ते गळ्यातल्या गाठीत जाऊन बसतं, ही गोळी वेळेवर घेतली तर त्याला तिथं जागाच उरत नाही. माणशी एक गोळी.

मी लगेच मनात ठरवून टाकलं. माझी पोराला द्यायची. कोणाला विचारायला नको, कोणाला सांगायला नको. लादी पुसता पुसता छाती हलकी झाली.

मग बाईनं कागदाची दुसरी बाजू वाचली. चाळिशीच्या पुढच्यांना गोळी नाही. साठा कमी, आणि म्हाताऱ्यांच्या गाठीला तसा धोका कमी.

मी एकोणपन्नास. नवरा चोपन्न. यादीत आमच्या घरी दोनच माणसं. म्हणजे आमच्या दाराला शून्य.

कंपाउंडर म्हणतो, "मावशी, तुम्हाला कशाला हवी गोळी? तुमचा गळा ऐकून विष आल्या पावली परत जाईल." सगळ्या हसल्या. मीपण हसले. काय करणार?

शनिवार, ७

घेतली.

काम असं असतं. टेबलाशी आम्ही तिघी. डॉक्टरीणबाई स्टीलच्या ताटलीत दहा गोळ्या मोजून देते. आम्ही कागदाच्या दहा पुड्या बांधायच्या आणि परत ताटलीत ठेवायच्या. ती पुड्या मोजते आणि त्या त्या गल्लीच्या पिशवीत टाकते. पुडीवर नाव नाही, गल्लीचा नंबर फक्त. लोकांनी पुडी उघडायची नाही, दमट होते म्हणून. दहा गोळ्या, दहा पुड्या. एकही रिकामी चालत नाही, बाई वरून चाचपते.

माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या कनवटीला असतात. पांढऱ्या, गोल, तेवढ्याच. माझ्या गोळीच्या मधोमध एक रेघ आहे, त्यांची गुळगुळीत. बाई फोन घ्यायला उठली तेव्हा मी रेघेची आत घातली आणि गुळगुळीत कनवटीला लावली. पुडी बांधली. बाई आली, दहा मोजल्या, पिशवीत टाकल्या.

पिशवी आमच्याच गल्लीची होती. त्रेसष्ट पुड्या, चोवीस दारं.

एकाला कमी पडली तर पडली, असं मी मनाशी म्हटलं. बॉम्ब पडणार की नाही ते देवाला ठाऊक. माझं पोर माझ्या डोळ्यांसमोर आहे.

रविवार, ८

पोराला गोळी दिली. तळहातावर घेऊन बघत बसला. म्हणाला, "आई, ह्यानं फक्त गळ्यातली गाठ वाचते. बाकीचा माणूस नाही."

"मग वाटतात कशाला?"

"काहीतरी वाटलं पाहिजे ना. तिकडे आम्हाला काळे चष्मे दिले होते. उजेड बघू नका म्हणाले. माझ्या शेजारचा विचारतो, साहेब, चष्मा परत कधी करायचा? साहेब म्हणाले, तशी वेळ येणार नाही."

आणि हसला. तोंडावर उशी धरून हसला, आवाज नको म्हणून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी शिडीवर उभी, मला एक ठेवून द्यावीशी वाटली. ज्याच्यासाठी चोरी केली त्यालाच त्याचं काही नाही. गोळी त्यानं भिंतीच्या फटीत ठेवली. घेईन म्हणाला, तुझ्या समाधानासाठी.

सोमवार, ९

भोंगा दोनदा झाला. दोन्हीदा काही नाही. लोक रडत तळघरात उतरले आणि शिव्या देत वर आले. मी उतरले नाही. माळ्यावरचा उतरणार नाही तर मी कशी उतरू?

बुधवार, ११

माझ्या महिन्याच्या गोळ्या आणायला गेले. कंपाउंडर म्हणाला, चार दिवस आहेत की अजून. मी म्हटलं, एक पडली नळाखाली. हे डॉक्टरीणबाईनं आतून ऐकलं. बाहेर आली. मला वाटलं, झालं. पण ती वेगळंच बोलली —

"मावशी, ह्या गोळ्या नीट ठेवत जा. तुमच्याकडे वरचं मूल खेळायला येतं ना? लहान मुलाच्या पोटात ह्यातली एक जरी गेली तरी संपलं. मोठ्या माणसाला नुसती चक्कर येईल. पण मूल हातात राहत नाही."

मी हो हो म्हटलं. बादली उचलली, मोरीत गेले, दार लावलं. मी समजत होते, कोणाला तरी एक गोळी कमी दिलीय. कमी नाही दिली, विष दिलंय. मुलांच्या पुड्या वेगळ्या नाहीत. घरी मोडून अर्धी द्या, एवढंच सांगितलंय लोकांना. अर्धी तरी काय कमी आहे?

त्रेसष्टातली एक. कोणाच्या घरात गेली मला माहीत नाही.

बाईला सांगायचं? काय सांगायचं? चुकून पडली म्हणायचं? पलीकडच्या दवाखान्यात एका बाईच्या ओच्यात एक गोळी सापडली, तिचं घर शिपायांनी पिठाच्या डब्यापर्यंत उपसलं. आणि मला पहिला प्रश्न तोच येणार — घरात दोघंच, दोघंही चाळिशीपुढचे, मग गोळी कोणासाठी?

गुरुवार, १२

दारोदार गेले. दवाखान्याचा निळा कोट घातला, हातात कागद घेतला. सांगितलं, पुड्या तपासायच्यात, काही खराब निघाल्यात. कोणत्या घरी बघून झालं ते कळायला ह्या वहीच्या शेवटच्या पानावर गल्ली काढली. चोवीस चौकोन. पुडी बघितली की आत फुली.

सकाळी लोक बरे होते. चहा घ्या म्हणाले. पंधरा घरं झाली. चाळीस पुड्या उघडल्या, चाळीसही गुळगुळीत.

दुपारी उजवीकडचं सरकार रेडिओवर म्हणालं, डावीकडचे तुमच्या गोळ्या काढून घ्यायला माणसं पाठवतायत. बास. सोळाव्या दारापासून कडी निघेना.

"कोणी पाठवलं तुम्हाला? ह्या सरकारनं की त्या?"

"अहो, दवाखान्यानं. मी इथंच तर राहते!"

"राहता म्हणून काय झालं. आजकाल कोण कोणाचं?"

मी बंद दाराला सांगितलं, मधोमध रेघ आहे का तेवढं बघा, रेघेची असेल तर देऊ नका. आतून लगेच उत्तर, "नाही, नाही, आमच्या बरोबर आहेत." पुडी उघडल्याचा आवाजसुद्धा नाही. नळावर जिच्याशी वीस वर्षं बोलते तिनं फटीतून एक डोळा लावला आणि म्हणाली, तुला वय झालं म्हणून मिळाली नाही, म्हणून तू आमच्या घ्यायला आलीस ना? घेतलीच आहे की मी.

शेवटी वरचीकडे गेले. तिनं दार उघडलं, पण पुडी द्यायला तयार नाही. पोरीच्या फ्रॉकच्या आत कापडाची पिशवी शिवून त्यात घातलीय, वरून दुहेरी टाका. "काकू, हे मी कोणासाठी उसवणार नाही. तुम्ही रागावा हवं तर." पोरगी माझ्या कोटाचं बटण ओढत होती.

नऊ दारं राहिली. तेवीस पुड्या.

शुक्रवार, १३

सकाळपासून दोन्ही रेडिओ पहिल्यांदाच एक बोलतायत. उद्या संध्याकाळी सहाला सगळ्यांनी गोळी घ्यावी. काही झालं तरी, नाही झालं तरी. कंपाउंडरसुद्धा थट्टा करेना. फोटोकडे बघून नुसता म्हणाला, ह्या दोघांचं जमलं म्हणजे खरंच पडणार.

दुपारी घरी येऊन नवऱ्याला आणि पोराला दोघांना सांगितलं. सगळं. शिडीच्या खाली बसून नवरा ऐकत होता, वर तो.

नवरा म्हणाला, "तू गप बस. कोणाचं मूल ते तुला माहीत नाही. हा कोणाचा आहे ते माहीत आहे."

मी म्हटलं, त्या नऊ घरांत अकरा पोरं आहेत. नावं घेऊ का?

"नको घेऊ."

मी घेतली. एकेक. नवरा उठून टँकर भरायला निघून गेला, पाणीखात्यात सुट्टी नाही. मग माळ्यावरून विचारलं त्यानं, "लोक दार का उघडत नाहीत?"

"मला कोण विचारतंय? लादी पुसणारी बाई मी."

उद्या दुपारपर्यंत वाट बघते. आणखी एकदा दारं ठोठावते. नाहीच झालं तर तीन वाजता डॉक्टरीणबाईला सांगते. मग शिपाई येतील. येऊ देत. नाही — येऊ देत कसं म्हणू? पण अकरा पोरं. एकाच्या बदल्यात एक, असं असतं तर मी गप्प बसले असते, खरं सांगते. पण ज्याचं जाईल त्याचं तोंड मला दिसत नाही, म्हणून अकराही दिसतायत.

शनिवार, १४

वहीचं शेवटचं पान, गल्ली काढलेलं, फाडून नेलेलं आहे.

मी सकाळी दवाखान्यात होते तेव्हा पोरगा ट्रंकेत लपवलेली वर्दी घालून खाली उतरला. भर दिवसा, जिन्यानं. वरची सांगते, वर्दी बघून एकानंही प्रश्न विचारला नाही, सगळ्यांनी मुकाट पुड्या आणून दिल्या. तिनं स्वतः कात्री आणली. सातव्या दारात रेघेची सापडली. त्यानं ती खिशात घातली आणि गुळगुळीत काढून दिली.

त्याच दाराच्या पायरीवरून त्याला उचलून नेला. गाडी कोणत्या सरकारची होती, ते गल्लीत कोणालाच सांगता येत नाही.