निळ्या पाण्याआधी

प्रिय चिमणे,

अक्षर ओळखून तू पत्र बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. मी दवाखान्यात आहे. ऑपरेशन होऊन सोळा दिवस झाले.

तुझ्या नव्या घरी आले होते, त्याला दोन वर्षं झाली. तू तीनदा बस म्हणालीस. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखणारा माणूस आधी बसतो, हे मला जिना उतरताना सुचलं. तू म्हणालीस, आमच्या सोफ्यावर बसलीस तर झिजशील का? दहा मिनिटांत मी निघाले आणि तू फोन करणं सोडलंस.

खरं वेगळंच होतं. चार वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली, तेव्हा तू रोज डबा आणायचीस. घरी आल्यावर दहाव्या दिवसापासून लघवी गळायला लागली. आपोआप, दिवसरात्र. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, व्यायाम करा. मला ते पटलं, कारण पुन्हा कुणाला दाखवावं लागणार नव्हतं. कपड्यावर कपडा, वरून गडद साडी. पाणी पिणं जवळजवळ सोडलं. कारखान्यात शिलाई मशीन सोडून कटिंगच्या टेबलावर बदली मागितली, तिथे उभ्याने काम असतं. मुकादम म्हणाला, बाई, लोक बसायला जागा मागतात, तुमचं सगळं उलटंच.

यंदा एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलं होतं. शिवता येईल म्हणाल्या. मी विचारलं, दुहेरी शिलाई घालाल ना? त्या हसल्या. दोन थरांत घालू म्हणाल्या.

सध्या लघवीला नळी लावली आहे. नर्स तासातासाला पाणी पाजते, तू उंट आहेस का म्हणून रागावते. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दोनदा उसवलं, ती तिसऱ्यांदा आली आहे. भेटीच्या वेळी तिची जाऊ येते. तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेते. जाग आली की आधी चादरीवर हात फिरवते. कोरडी असते. तरी पुन्हा फिरवते.

उद्या सकाळी आत कापूस ठेवून नळीतून निळं पाणी भरतील. कापूस पांढरा राहिला तर जखम जुळली, निळा झाला तर नाही. पांढरा राहिला तर मी तुझ्याकडे येईन, ऐसपैस बसेन आणि यातलं अक्षरही बोलणार नाही. निळा झाला तर पुन्हा गुडघा पुढे करीन. मी मला ओळखते. काहीही झालं तरी उद्यानंतर हे पत्र तुला मिळायचं नाही. म्हणून आजच, ड्यूटी संपवून निघालेल्या नर्सच्या हाती देते आहे. काहीही निघालं तरी गुरुवारी मला सोडतील. कापसाचं काय झालं ते न विचारता न्यायला ये.

तुझीच,
ताई